ऑझच्या चांदीच्या बुटांत अर्थशास्त्र शोधणाऱ्यांना

‘“विझर्ड ऑफ ऑझ” ही मुलांची गोष्ट नाहीच मुळी. अमेरिकेतल्या सोन्या-चांदीच्या भांडणावर रचलेली ती सांकेतिक कथा आहे.’ ती गोष्ट एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाची: वादळाने ऑझ नावाच्या देशात जाऊन पडलेली डोरोथी ही मुलगी घरची वाट शोधत तीन सोबत्यांसह तिथल्या जादूगाराकडे जाते. सांकेतिक कथेचा हा दावा अर्थशास्त्राच्या वर्गात ऐकू येतो, फॉरवर्डमधून फिरतो, आणि व्हिडिओत आला की सोबत एक कोष्टकही येतं. बुजगावणं म्हणजे शेतकरी. पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला कामगार. भित्रा सिंह म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा पुढारी. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सुवर्ण परिमाण, म्हणजे चलनाची किंमत सोन्याला बांधणारी पद्धत; डोरोथीचे चांदीचे बूट म्हणजे चांदीच्या नाण्यांची मागणी. पूर्वेची दुष्ट चेटकीण म्हणजे न्यूयॉर्कचे बँकवाले. पाचूची नगरी म्हणजे वॉशिंग्टन, नाहीतर हिरव्या नोटा. आणि ‘ऑझ’ म्हणजे औंस, कारण औंसाचं इंग्रजी लघुरूप ‘oz’, आणि सोनं औंसांत मोजतात.

कोष्टक देखणं आहे. पुस्तक न वाचलेल्याला तर लगेच पटतं.

भांडण मात्र खरं होतं, ते आधी सांगायला हवं. १८७३ च्या नाणेकायद्यानंतर अमेरिकेत चांदीचा डॉलर हवा तेवढा पाडून घेण्याची सोय गेली. पुढची वीसेक वर्षं शेतमालाचे भाव घसरत राहिले आणि कर्जाचा आकडा होता तिथेच राहिला. म्हणजे तेच कर्ज फेडायला दरवर्षी जास्त गहू विकावा लागे. चांदीची नाणी पुन्हा मोकळेपणी पाडा, सोन्याच्या एका भागाला चांदीचे सोळा भाग असा दर धरा, बाजारात पैसा वाढला की भाव वर येतील, ही शेतकऱ्यांची मागणी होती आणि पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणवाल्यांचीही. त्यातूनच शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष वाढला. ९ जुलै १८९६ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात ब्रायनने ‘मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका’ हे गाजलेलं भाषण केलं, उमेदवारी मिळवली, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रिपब्लिकन पक्षाच्या मॅकिन्लीसमोर हरला. १९०० मध्ये पुन्हा हरला. त्याच वर्षी मार्चमध्ये सुवर्ण परिमाणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने बॉमचं हे पुस्तक डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोच्या चित्रांसह बाजारात आणलं.

काळ जुळतो. आता बाकीचं पाहू.

‘बॉम स्वतः ब्रायनचा माणूस होता, त्याच्यासाठी मशाली घेऊन मिरवणुकीत चालला होता.’ ही माहिती बॉमच्या मुलाने सहलेखकाबरोबर लिहिलेल्या चरित्रातून आली आणि कोष्टकाचा पायाच ती झाली. पण बॉमने छापून ठेवलेले शब्द उलट बाजूचे आहेत. १८९०-९१ मध्ये तो साउथ डकोटातल्या ॲबर्डीन गावी एक साप्ताहिक चालवत होता. साप्ताहिक रिपब्लिकन बाजूचं होतं. शेतकऱ्यांची जी स्वतंत्र आघाडी पुढे पॉप्युलिस्ट पक्षात मिसळली, तिच्या विरोधात त्याने तिथे लिहिलं. पुढे १८९६ च्या प्रचारात, ब्रायनच्या त्या भाषणानंतर तीनच दिवसांनी, १२ जुलैला शिकागोच्या टाइम्स-हेरल्डमध्ये बॉमची एक कविता आली. तिचा विषय: मॅकिन्ली खुर्चीवर बसला की कसा आनंदीआनंद होईल. ही कविता ऑझचा अभ्यासक मायकेल पॅट्रिक हर्न याने पुढे आणली.

एका कवितेवरून माणसाची निष्ठा ठरत नाही, हे कबूल. पैसे मिळतात म्हणून लिहिली असेल. पण मग बॉमला गरीब शेतकऱ्यांचा छुपा कैवारी ठरवायला कोष्टकवाल्यांकडे तेवढाही कागद नाही. कैवाराचाच विषय निघाला म्हणून सांगायला हवं की, त्याच ॲबर्डीनच्या साप्ताहिकात, १८९० च्या डिसेंबरात आणि १८९१ च्या जानेवारीत, उरलेल्या मूळ रहिवाशांचा पुरता नायनाट करा असं म्हणणारे दोन अग्रलेख आहेत. बॉमच्या पुस्तकांवर प्रेम असलेल्यांनाही ते गिळता येत नाहीत, आणि येऊही नयेत. तळागाळाचा आवाज गोष्टीत लपवून ठेवणारा लेखक ही प्रतिमा त्यांच्याशेजारी ठेवून पाहावी.

आता धातू. कोष्टकाचा सगळा भार यांच्यावर आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

सोनं वाईट आणि चांदी तारणहार, असा संकेत असेल तर पुस्तकभर निदान तो टिकला पाहिजे. आधी चांदीचे बूट घ्या. ते मुळात कुणाचे? पूर्वेच्या दुष्ट चेटकिणीचे, म्हणजे कोष्टकाप्रमाणे न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांचे. सोन्यासाठी देश वेठीला धरणारे बँकवाले पायांत चांदी घालून कशासाठी फिरतील? पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीकडे तर चांदीची शिट्टी आहे. ती फुंकली की लांडगे येतात, कावळे येतात, काळ्या मधमाश्या येतात, आणि डोरोथीच्या सोबत्यांवर तुटून पडतात. चांदीची ही शिट्टी कोष्टकात मला अजून भेटलेली नाही.

मग सोनं. त्याच चेटकिणीच्या कपाटात सोन्याची टोपी आहे, हिऱ्या-माणकांनी मढवलेली. ती घालणाऱ्याची तीन कामं उडती माकडं करतात. चेटकीण मेल्यावर टोपी डोरोथीकडे येते. माकडं मंडळींना पाचूच्या नगरीत पोचवतात ती या टोपीमुळे, हातोडीसारख्या डोक्यांच्या माणसांचा डोंगर ओलांडून देतात तीही टोपीमुळेच. शेवटी टोपी दक्षिणेच्या भल्या चेटकिणीकडे, ग्लिंडाकडे जाते. ती तिन्ही सोबत्यांना आपापल्या राज्यात पोचवते आणि टोपी माकडांच्या राजाला देऊन माकडांनाच मोकळं करते. सगळ्या पुस्तकात एवढं उपकारी दुसरं काही नाही, आणि ते सोन्याचं आहे.

पिवळ्या विटांच्या रस्त्याचंही तसंच. तो फसवा रस्ता नाही. उत्तरेची भली चेटकीण डोरोथीला त्याच रस्त्याने जायला सांगते, आणि तो जिथे न्यायचा तिथे नेतो. वाटेत खड्डे आहेत, दऱ्या आहेत, पण त्या सगळ्याच प्रवासात आहेत.

माझा आवडता पुरावा पश्चिमेच्या विंकी लोकांच्या निरोपसमारंभातला आहे. चेटकिणीच्या जाचातून सुटलेले विंकी पाहुण्यांना भेटी देतात. सिंहाला आणि डोरोथीच्या कुत्र्याला, टोटोला, सोन्याचे पट्टे. बुजगावण्याला सोन्याच्या मुठीची काठी. डोरोथीला हिऱ्यांचं कंकण. आणि लाकूडतोड्याला चांदीची तेलाची बुधली, तिच्यावर सोन्याचं जडावकाम. त्याआधी त्याच्या कुऱ्हाडीला सोनाराने भरीव सोन्याचा दांडाही बसवून दिलेला असतो. म्हणजे शोषित कामगाराच्या एका हातात सोनं आणि दुसऱ्या हातात सोनं-चांदी एकत्र. इथे कोणत्या पक्षाचा जाहीरनामा वाचायचा?

याचं साधं उत्तर बॉमच्या पोटापाण्याच्या धंद्यात आहे. १८९७ पासून तो शिकागोत दुकानांच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात यावरचं मासिक चालवत होता, आणि ऑझ आलं त्याच १९०० साली याच विषयावर त्याचं एक मोठं पुस्तकही निघालं. चकाकी, रंग, काचेमागचा देखावा, लांबून भव्य आणि जवळून पुठ्ठा, ही त्याची रोजची कामं होती. चांदी, सोनं, पाचू, माणकं तो हव्या त्या जागी पेरतो, कारण ती चमकतात. रंगांचाही त्याचा स्वतःचा हिशेब आहे, आणि तो चलनाचा नाही, भूगोलाचा आहे: पूर्वेचे मंचकिन निळे, पश्चिमेचे विंकी पिवळे, दक्षिणेचे क्वाडलिंग लाल, मधली नगरी हिरवी, आणि दुसऱ्या पुस्तकापासून उत्तर जांभळी. पहिल्या आवृत्तीत मजकुरातल्या चित्रांचा रंगही मुलुखानुसार बदलतो. पिवळा म्हटलं की सोनं, हे सूत्र लावलं तर गुलामीत खितपत पडलेले विंकीच सोन्याचे ठरतात.

दिशांची गत याहून वाईट. पूर्वेची चेटकीण म्हणजे बँकवाले, ठीक. मग पश्चिमेची? चांदीच्या खाणी पश्चिमेला, ब्रायनची मतं पश्चिमेला, तरी तिथली राणी दुष्ट. तेव्हा कोष्टकवाले म्हणतात, ती म्हणजे दुष्काळ, म्हणून तर पाण्याने विरघळते. म्हणजे एक चेटकीण राजकीय आणि दुसरी हवामानखात्याची. कुणी तिला मॅकिन्लीही करून टाकतं, मॅकिन्ली ओहायोचा. उत्तरेची चेटकीण भली आहे, पण १८९६ मध्ये उत्तरेकडची मिनेसोटा, विस्कॉन्सिन ही राज्यं मॅकिन्लीकडे गेली. लग्न ठरल्यावर पत्रिका पाहणाऱ्या ज्योतिषाला छत्तीसच्या छत्तीस गुण सापडतात, तसला हा प्रकार.

पात्रांचं लवकर उरकतो. बुजगावणं शेतकरी नाही, शेतकऱ्याने कावळ्यांसाठी उभं केलेलं आहे, आणि डोरोथी भेटते तेव्हा त्याचं वय दोन दिवस आहे. ‘मला काहीच माहीत नाही, मी परवाच तयार झालो’ असं ते स्वतःच सांगतं. ब्रायनवर पन्नास आरोप झाले असतील, पण तो भित्रा हा काही त्यांतला ठळक आरोप नव्हता. आणि जादूगार राष्ट्राध्यक्ष म्हणाल, तर तो पुस्तकात आपलं गाव ओमाहा सांगतो. ओमाहा नेब्रास्कातलं, ब्रायनही नेब्रास्काचा, पॉप्युलिस्टांचा १८९२ चा जाहीरनामाही ओमाहाचाच. मनात आणलं तर एवढ्या तीन धाग्यांवर ‘भोंदू जादूगार म्हणजे ब्रायन आणि पुस्तक पॉप्युलिस्टांच्या विरोधात’ असं उलटं कोष्टक याच कच्च्या मालातून करता येईल. ज्या पद्धतीने दोन्ही निष्कर्ष निघतात, तिच्यातून खरं तर एकही निघत नाही.

१९९० मध्ये ह्यू रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञाने हा अर्थ एका नावाजलेल्या अर्थशास्त्रीय नियतकालिकात आणखी ताणला. डोरोथीला महालात सात वाटांनी आणि तीन जिन्यांनी नेतात. सात आणि तीन, म्हणून १८७३ चा कायदा! टोटो म्हणजे दारूबंदीवाले, इंग्रजीत ‘टीटोटलर’. लेख वाचायला मजा येते आणि त्यातला चलनाचा इतिहास चांगला आहे. पण जिन्यांवरून कायद्याचं साल काढणं ही हुशारी वाचणाऱ्याची आहे, लिहिणाऱ्याची नव्हे.

चिनी मातीच्या माणसांचा देशही असाच वापरला जातो: पांढरी उंच भिंत, आत नाजूक माणसं, म्हणजे अमेरिकेचं चीनविषयक धोरण म्हणे. शिकागोत आल्यावर बॉम एका घाऊक व्यापाऱ्याकडे फिरता विक्रेता होता. माल कोणता? चिनी मातीची भांडी आणि काचसामान. पेट्या उघडताना तडे गेलेल्या बश्या-बाहुल्या ज्याने वर्षानुवर्षं पाहिल्या, त्याला ‘फुटलो की जोडता येतं, पण मग पूर्वीसारखे सुंदर दिसत नाही’ असं म्हणणारी माणसं सुचायला परराष्ट्रधोरण लागत नाही.

औंस ही तर नंतरची भर. बॉमसंबंधीची जुनी गोष्ट अशी की, मुलांनी देशाचं नाव विचारलं तेव्हा समोरच्या फाइलींच्या खणावर ‘ओ ते झेड’ लिहिलेलं दिसलं. तीही फार पक्की नाही. पण बॉमने स्वतः दिलेलं एक उत्तर छापील आहे, १९०८ च्या चौथ्या पुस्तकात. जादूगाराचं पूर्ण नाव ऑस्कर झोरोआस्टर फाड्रिग आयझॅक नॉर्मन हेंकल इमॅन्युएल अँब्रोइस डिग्ज. सगळी इंग्रजी आद्याक्षरं लिहिली तर शेवटी ‘पिनहेड’, म्हणजे बिनडोक, असं वाचलं जातं, म्हणून त्याने ओ आणि झेड ही पहिली दोनच ठेवली आणि तीच आपल्या फुग्यावर रंगवली. तोळ्या-माशांचा यात संबंध नाही.

‘सिनेमात चांदीचे बूट मुद्दाम लाल केले, म्हणजे राजकारण पुसून टाकलं.’ १९३९ चा सिनेमा टेक्निकलर या रंगीत तंत्रात होता. पिवळ्या रस्त्यावर पडद्यात उठून दिसेल असा रंग हवा होता, लाल दिसला. विषय संपला. ‘पण १९०२ च्या नाटकात तर रूझवेल्ट आणि रॉकफेलरवर विनोद होते!’ होते. त्या काळच्या संगीत नाटकांत ताज्या घडामोडींवर कोट्या करण्याची रीतच होती, आणि त्यासाठी ग्लेन मॅकडोनो हा विनोदी लेखक वेगळा बोलावला होता. त्याच नाटकात टोटो काढून त्याच्या जागी इमोजेन नावाची गाय आणली होती. दारूबंदीच्या चळवळीचं पुढे काय झालं म्हणायचं?

कोष्टक सांगणाऱ्या बहुतेकांनी पहिल्या पुस्तकापुढे वाचलेलं नसतं. बॉमने ऑझची चौदा पुस्तकं लिहिली, १९०० पासून; शेवटची दोन तो १९१९ मध्ये गेल्यानंतर निघाली. चलनावर बोलायचंच असेल तर पुढच्या पुस्तकांत कितीतरी जास्त मालमसाला आहे. १९०४ च्या दुसऱ्या पुस्तकात डोमकावळ्यांच्या घरट्यात बुजगावण्याचा पेंढा नाहीसा होतो आणि त्याच्या अंगात चोरीच्या डॉलरच्या नोटा कोंबतात. शेतकरी नोटांनी भरलेला, तोही चोरीच्या! याच पुस्तकात लाकूडतोड्या विंकींचा सम्राट आहे आणि त्याने अंगावर निकेलचा मुलामा चढवून घेतलाय. १९०७ मध्ये किल्लीवर चालणारा टिकटॉक येतो, तो तांब्याचा. निकेलचा पक्ष कोणता आणि तांब्याची मागणी कुणाची, हे कोष्टक सांगत नाही.

आणि खुद्द पैसा? पहिल्या पुस्तकात नगरीतली मुलं हिरव्या पैशांनी हिरवं लिंबूसरबत विकत घेतात. १९०९ च्या पाचव्या पुस्तकापर्यंत बॉमने तो व्यवहारच मोडीत काढला. ‘ऑझमध्ये पैसा? काय विचित्र कल्पना!’ असं लाकूडतोड्याच म्हणतो. १९१० च्या पुस्तकात तर सरळ सांगितलंय की ऑझमध्ये कुणी गरीब नाही, कारण पैसाच नाही. ज्याला जे लागतं ते शेजारी देतो. सोनं की चांदी या वादात ज्याचा जीव अडकलाय असा लेखक हे लिहीलही, पण त्याची सांकेतिक भाषा मग दहा वर्षंसुद्धा टिकली नाही म्हणायचं. खरं तर तो आधीचं विसरायचा, बदलायचा, आणि मुलांच्या पत्रांतल्या सूचना बिनदिक्कत वापरायचा. सहाव्या पुस्तकात ऑझ कायमचं अदृश्य करून त्याने मालिका मिटवलीही होती. १९११ मध्ये दिवाळं निघालं, मुलांची पत्रं थांबेनात, तेव्हा १९१३ मध्ये ऑझशी बिनतारी संपर्क झाला असं सांगून पुन्हा सुरू केली.

मग हे कोष्टक आलं कुठून? न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन इथला हेन्री लिटलफील्ड हा शाळेतला इतिहासशिक्षक. १८९० च्या दशकातलं चलनाचं राजकारण मुलांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्याने ऑझची पात्रं फळ्यावर घेतली आणि वर्ग रंगला. १९६४ मध्ये त्यावरचा त्याचा लेख ‘अमेरिकन क्वार्टर्ली’त आला. तिथून तो पाठ्यपुस्तकांत गेला. ग्रेगरी मॅनक्यूच्या स्थूल अर्थशास्त्राच्या पुस्तकातही ऑझ आहे. या प्रवासात लिटलफील्डचं ‘असं समजून शिकवता येतं’ गळालं आणि ‘बॉमने असंच योजलं होतं’ एवढंच उरलं. १९९२ मध्ये हर्नने न्यूयॉर्क टाइम्समध्ये आक्षेप घेतल्यावर लिटलफील्डने स्वतः त्या दैनिकाला पत्र लिहून मान्य केलं की बॉम पॉप्युलिस्ट विचारांचा होता याला आधार नाही. जनकाने सोडून दिलेला दावा लोक अजून त्याच्याच नावावर सांगतात.

‘पण जुळतंय ना, मग शिकवायला काय हरकत?’ काहीच हरकत नाही, लिटलफील्डने तेच केलं. हरकत आहे ती ‘लेखकाचं गुपित उघड’ या मथळ्याला. त्या मथळ्यापायी बॉमचं खरं, उघड राजकारण वाचायचं राहून जातं. त्याची सासू माटिल्डा गेज ही स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यातली मोठी कार्यकर्ती, आणि तो स्वतः ॲबर्डीनच्या मताधिकार मंडळाचा चिटणीस होता. त्याच माणसाने १९०४ च्या पुस्तकात जिंजर नावाची सेनापती उभी केली. विणकामाच्या सुया हातात घेतलेल्या मुलींची तिची फौज पाचूची नगरी जिंकते आणि पुरुषांना झाडलोट, स्वयंपाक, मुलं सांभाळणं या कामांना जुंपते. थट्टा कुणाची, चळवळीची की चळवळीला घाबरणाऱ्यांची, यावर मनसोक्त वाद घालता येतो. जिंजर हरते तेव्हा पुरुष तर सुटकेचा निश्वास टाकतातच, पण बायकांनाही आनंद होतो, कारण नवऱ्यांच्या हातचं खाऊन त्या कंटाळलेल्या असतात. १९०७ मध्ये राजकन्या ओझ्मा सैन्य घेऊन निघते: आठ जनरल, सहा कर्नल, सात मेजर, पाच कॅप्टन, आणि लढायला एक शिपाई. १९१४ मध्ये बॉमने तीच गंमत पुन्हा वापरली. या वेळी अधिकारी सोळा, शिपाई तेव्हाही एकच.